अकरा आठवडे

मातिनाच्या मळ्यात घडाला निळी फीत बांधली
की अकरा आठवड्यांनी तो कोयत्याला येतो.
एलियेसेर सुंबादोनं हे मला खिडकीतून सांगितलं,
रिपोर्टची चौकशी करता करता,
जणू मीच त्याला काही विचारलं होतं.

मी बोलले नाही, पण तोच हिशेब
माझ्या काचपट्टीवरही असतो:
भिंतीलगतच्या गोल, गप्प पेशीपासून
शेपटीचा धावरा जीव होईपर्यंत
चौऱ्याहत्तर दिवस.
अकरा आठवड्यांना तीन कमी.

सान होसेच्या या तळघरात
एकवीस वर्षं मी माणसांचे काप काढते.
त्याचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा,
पिवळ्या द्रावात पिवळा पडलेला.
मेणात बसवला, पात्याला लावला,
काप कोमट पाण्यावर तरंगले सायीसारखे.
मग जांभळा रंग. मग गुलाबी.

निरोगी नळी मी पाहिलेली आहे,
ट्रकखाली गेलेल्या एका पोराची.
काय गर्दी असते तिथे!
काठाला बीजपेशी,
त्यांच्यावर गुणसूत्रांची सुतं सोडवत बसलेल्या,
त्यांच्यावर डोकं टोकदार करू लागलेल्या,
आणि सगळ्यांना कडेवर घेऊन
तळापासून मध्यापर्यंत उंच उभ्या दाया.
हातात हात इतके घट्ट
की रक्तालासुद्धा आत वाट नाही.
पोर वर सरकलं की आधी खालची कडी लावतात,
मगच वरची काढतात.
निघताना पोरं अंगावरचं जास्तीचं टाकून जातात,
तेही त्याच गिळतात.

सुंबादोच्या नळ्यांत दायाच होत्या.

चार कापांत मिळून दोनशे बारा नळ्या मोजल्या.
एका नळीत, काठाशी, एक गोल पेशी वाटली.
डॉक्टर मोन्हेंनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं,
आणि माझी ओळ खोडली.

नळ्यांच्या मधल्या जागेत
लायडिगच्या पेशी मजेत होत्या, चरबीनं टच्च.
म्हणूनच दाढी दाट, आवाज भरदार,
म्हणूनच चार वर्षं
ओदिलिये स्वतःलाच तपासून घेत राहिली,
आणि सासू तिला कसल्याशा सालीचा काढा पाजत राहिली.
मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला मात्र कळलं होतं.
रक्तात तिची हाक चौपट झाली होती,
आतून ओ येईना
म्हणून दारावर थापा वाढाव्यात तशी.

मुळांतल्या किड्यांसाठी होतं ते औषध.
लांब सुईची पिचकारी जमिनीत खुपसायची,
दट्ट्या दाबायचा, दोन पावलं सरकायचं,
पुन्हा खुपसायची.
डब्यावरची सूचना त्याला न येणाऱ्या भाषेत.
हातमोजे होते, एक जोड, मुकादमाकडे.
रविवारच्या अंघोळीनंतरही
उशीला तोच वास यायचा, म्हणाला.

डॉक्टर जेवायला गेले होते.
नियम मोडून मी त्याला आत घेतलं, स्टूल खाली केलं.
एक डोळा घट्ट मिटून तो बराच वेळ पाहत राहिला.
"केळीचा खुंट आडवा कापल्यासारखं दिसतंय."
मी सांगितलं, या कडेच्या दाया. हे मधलं रिकामं.
"कामावर आहेत अजून?"
हो.
"मग त्यांना कुणी सांगितलं नाही?"

तीनच्या गाडीनं तो परत गेला. सोमवारी हजेरी होती.
जाताना माझ्या डब्याशेजारी एक फणी ठेवून गेला,
हिरवट, नीट पुसलेली.

या केळ्याला बी नसतं. माणसांनीच ते तसं निवडलं,
मुनव्यांवर पिढ्या चालवल्या.
तरी आडवं कापलं की मधोमध
बारीक काळे ठिपके दिसतात,
बी व्हायचं राहून गेलेले.

शनिवारपर्यंत फणी तशीच होती.
मग सफाईला येणाऱ्या दोराइदाला दिली.
तिला पाच आहेत.